दादाची दाढ

साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला दोन खोल्यांचं एक घर आहे. तिथल्या भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मागे एक प्लास्टिकची पिशवी अडकवलेली असते. घरातल्या थोरल्या मुलाचे सगळे कागद तिच्यात आहेत: दिव्यांगत्वाचं कार्ड, फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी, तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला आणि चार घड्या घातलेलं एक कोटेशन. त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, ते चटईवर उलगडलं आणि चारी कोपरे तळहातानं दाबून सपाट केलं. शेवटच्या ओळीत आकडा होता ७२,५०० रुपये. वरच्या इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच, की पूर्ण भूल देऊन तोंडातल्या सगळ्या दातांचं काम एकाच बैठकीत करायचं.

मी काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सगळे हेच म्हणतात, दातांना एवढे?" काकू म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ म्हणाला, काढून टाका की दाढ, पाचशे रुपयांत काम होतं."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय सांगितला, 'घराचा खर्च'. त्याच आठवड्यात मी एका कर्मशाळेत पणत्या घ्यायला गेले होते. अठरा वर्षं झाली की विशेष शाळा सुटते आणि मग मुलं अशा कर्मशाळेत येतात. पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, उदबत्त्या भरतात. तिथल्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या मुलांच्या घरी सगळ्यात जास्त पुढं ढकलला जाणारा खर्च कोणता, सांगू? दातांचा." ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याच्यामागं मी सातारा, पुणे आणि मुंबई असं फिरले.

गोडोलीच्या या कुटुंबानं नाव छापू नका म्हणून सांगितलंय. घरातल्या मुलाचं वय २७. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून आईवडीलही दादाच म्हणतात आणि आता गल्लीही. मीही तेच म्हणते.

गालावर मारणं

दादाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि लहानपणापासून फिट येतात. त्याला पन्नास-साठ शब्द बोलता येतात. 'दुखतंय' हा त्यातला एक. पण पायाला ठेच लागली तरी दुखतंय आणि बहीण पुण्याला गेली तरी दुखतंय. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्यानं उजव्या गालावर स्वतःच चापट्या मारायला सुरुवात केली. आधी हलक्या, मग गाल लाल होईपर्यंत. भाकरी बाजूला सारायचा आणि नुसता आमटी-भात मागायचा. रात्री दोनला उठून उंबऱ्यावर बसायचा.

आईवडिलांनी त्याला दाखवायला नेलं. फिटचा इतिहास होता आणि गालावर मारणं डोळ्यांना दिसत होतं. वर्तनाचा त्रास वाढलाय असं ठरलं आणि गोळीचा डोस वाढला. दादा दिवसा पेंगू लागला, रात्री मात्र तसाच. तीन महिने असे गेले. मग एका सकाळी काकू त्याची दाढी करत असताना जबड्याच्या कडेला बोटाला गाठ लागली. उजवीकडची खालची दाढ पोखरून गेली होती आणि मुळाशी पू धरला होता.

"तीन महिने माझं पोर सांगत होतं," काकू म्हणाल्या. "हातानं दाखवत होतं, हिथं, हिथं. आम्हीच त्याचा हात धरून ठेवायचो."

यावर मला काही लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की या प्रवासात भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाकडे याच गोष्टीचं वेगळं रूप होतं. एकीची मुलगी उशी चावायची. एकाचा मुलगा भिंतीवर डोकं आपटायचा. माणसाला बोलता येत नसलं की त्याचं दुखणं त्याच्या अपंगत्वाच्या खात्यात जमा होतं. दातात बघायचं शेवटी सुचतं.

खरं तर बघायचं सगळ्यात आधी तिथंच, कारण या मुलांच्या तोंडाला इतरांपेक्षा जास्त धोके असतात. फिटवरची बरीच औषधं लहानपणी सिरपच्या रूपात देतात आणि ती गोड असतात. रात्री झोपताना दिलेलं सिरप दातांवर सकाळपर्यंत राहतं. फेनिटोइन वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात आणि त्याखाली ब्रश पोचतच नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे स्नायू ताठरतात, ते दात खातात, घास गालात साठून राहतो. पोटातलं आम्ल वारंवार वर येत असेल तर दातांचं आवरण झिजतं. डाउन सिंड्रोममध्ये कीड त्या मानानं कमी लागते, पण हिरड्यांचा आजार ऐन तारुण्यात जोर धरतो आणि चांगले दिसणारे दात हलायला लागतात. स्वमग्न मुलाला ब्रशच्या केसांचा स्पर्श आणि पेस्टची झणझण नुसती नकोशी वाटत नाही, सहनच होत नाही. आई दमते. एक दिवस ब्रश राहतो, मग आठवडा.

चार हजारांचं काम

दादाला आधी नेलं ते साताऱ्यातच, एका तरुण दंतवैद्य बाईंकडे. त्यांच्याबद्दल काका-काकू अजून हात जोडून बोलतात. मी त्यांना दवाखाना बंद करायच्या वेळी भेटले.

पहिल्या खेपेला त्यांनी दादाला नुसतं खुर्चीत बसवलं आणि खुर्ची वरखाली करून दाखवली. दुसऱ्या खेपेला आरसा हातात दिला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही मुलांच्या दंतवैद्यकातली जुनी रीत. तिसऱ्या खेपेला दादानं तोंड उघडलं, त्यांनी दाढ पाहिली, टॉर्चनं आणखी चार-पाच ठिकाणी कीड दिसली. चौथ्या खेपेला ड्रिलचा आवाज सुरू झाला, दादाचा जबडा मिटला आणि आरशाची दांडी वाकली. त्यांनी ती मला दाखवली. ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

"त्या जागी ड्रिल असतं तर जीभ फाटली असती," त्या म्हणाल्या. "चार माणसांनी धरून दाढ काढता येते. काही जण तसं करतातही. पण धरलेला पेशंट परत कधीच तोंड उघडत नाही, आईसमोरसुद्धा नाही. मग पुढची वीस वर्षं त्याच्या तोंडात काय होतंय ते कुणालाच दिसत नाही."

त्यांच्या दवाखान्यात रूट कॅनॉलला चार हजार रुपये लागतात. चार खेपांचे त्यांनी काही घेतले नाहीत. मी विचारलं, अशी वेळ कशी परवडते? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही परवडत. खुर्चीचा हप्ता जातोच. म्हणून अशा पेशंटला कुणी नाही म्हणत नाही, तारीख देत नाहीत एवढंच."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत दोन रेघांमध्ये लिहून घेतलं: "माझं काम चार हजारांचंच आहे. पण त्याला झोपवायला चाळीस हजार लागतात."

झोपवायचे किती?

कोटेशनच्या आकड्यांतही हेच निघालं. दंतवैद्यांचं काम ३२,००० रुपये, त्यात दोन रूट कॅनॉल, काही फिलिंग, दाढा काढणं आणि सगळ्या तोंडाची सफाई. ऑपरेशन थिएटर आणि एक दिवसाची खोली १७,०००. भूलतज्ज्ञ ९,०००. साहित्य आणि औषधं ८,०००. आधीच्या तपासण्या ६,५००. म्हणजे दातांचे ३२ हजार आणि ४०,५०० रुपये दादानं स्वस्थ पडून राहावं यासाठी. तुम्हीआम्ही हे पैसे देत नाही. खुर्चीत बसतो, आ करतो, मुठी आवळतो. आपलं आ करणं ४०,५०० रुपयांचं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

पुण्यातल्या एका भूलतज्ज्ञांनी मला हा खर्च समजावून सांगितला, कारण मलाही वाटत होतं की एक इंजेक्शन द्यायचं, त्यात एवढं काय. तोंडातच काम करायचं असतं, त्यामुळं श्वासाची नळी बहुतेक वेळा नाकातून घालावी लागते. दातांवर पाणी मारलं जातं, तुकडे उडतात, रक्त येतं. ते फुप्फुसात जाऊ नये म्हणून घशात गॉज भरतात आणि शेवटी ते मोजून बाहेर काढतात. काम दोन-तीन तास चालतं. आधी रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरज पडली तर हृदयाचा इको. डाउन सिंड्रोम असेल तर इको चुकवून चालत नाही, कारण अशी जवळजवळ निम्मी मुलं हृदयाचा दोष घेऊन जन्मतात, आणि त्यांची मानही जपून हलवावी लागते. फिट येणाऱ्याला उपाशीपोटीही सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते. ती चुकली तर थिएटरच्या दारात फिट येते.

एकदा भूल दिली की त्याच वेळात सगळं उरकायचं, कारण दुसऱ्यांदा झोपवायला पुन्हा तेवढेच पैसे आणि तेवढीच जोखीम. त्यामुळं शंकेची दाढ वाचवायची की काढायची, हा निर्णय आपल्यापेक्षा वेगळा होतो. आपल्याला डॉक्टर सांगतात, बघू, सहा महिन्यांनी या. दादाला असं सांगता येत नाही. जी दाढ टिकेल याची खात्री नाही ती काढूनच टाकतात. आणि काढलेल्या दाढेच्या जागी कवळी बसवली तर ती तो तोंडात ठेवणार नाही. म्हणून अशा कित्येकांच्या तोंडात तिशीतच चावायला दाढा उरत नाहीत, आणि भाकरी कायमची कुस्करून द्यावी लागते.

'दात' हा शब्द आला की

काका एसटीत होते, आगारात कारकून. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. ईपीएसचं पेन्शन महिन्याला ३,२०० रुपये, म्हणून ते रात्री एका सोसायटीच्या गेटवर बसतात. कोटेशन हातात पडल्यावर त्यांनी काय काय केलं ते त्यांनी मला क्रमानं सांगितलं, तिकिटांचा हिशेब देतात तसं.

पहिल्यांदा गेले फुले योजनेच्या खिडकीवर. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्डाचा रंग न पाहता सगळ्यांना लागू आहे आणि संरक्षण पाच लाखांचं आहे. खिडकीवरच्या आरोग्यमित्रानं यादीत शोधलं. जबडा मोडला तर आहे, तोंडाचा कर्करोग झाला तर आहे, किडलेली दाढ नाही. दादाच्या दाढेला आता मदत नाही. ती पिकून, पसरून, जबड्याचं हाड खाऊ लागली असती तर कदाचित मिळाली असती. काकांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. मला लिहिताना हात आवरावा लागतोय.

मग खासगी विमा. बहिणीच्या कंपनीच्या विम्यात आईवडील होते, भाऊ नव्हता. वेगळी पॉलिसी काढावी तर पूर्वी अशा मुलांना दारातच नकार मिळायचा. विमा नियामकानं २०२३ साली सगळ्या सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवायला लावली, त्यामुळं दार तरी उघडलं. पण आरोग्य विम्याच्या कागदात दातांचं कलम जवळपास ठरलेलं असतं: अपघातात इजा होऊन रुग्णालयात भरती व्हावं लागलं तरच दंतोपचार, एरवी नाही. दादाच्या खर्चाचा मोठा वाटा भूल, थिएटर आणि खाट यांचा. हेच तिन्ही खर्च पित्ताशयासाठी झाले असते तर कंपनीनं दिले असते. कागदावर 'दात' हा शब्द आला की भुलेचे पैसेही दाताच्या खात्यात जातात आणि क्लेम परत येतो. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथं आहे. हा खर्च दाताचा नाही, अपंगत्वाचा आहे. आणि अपंगत्व मान्य करणारं कार्ड पिशवीत असूनही तो कुणी तसा मोजत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५व्या कलमात घराजवळ मोफत आरोग्यसेवेची भाषा आहे, सरकार ठरवेल त्या उत्पन्नमर्यादेत. साताऱ्यातल्या या घराजवळ ती कुठं आहे, ते मी शोधत होते.

निरामय योजनेचं नाव काकांनी कर्मशाळेतल्या बाईंकडून पहिल्यांदा ऐकलं. १९९९ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला नोंदणीचे ५०० रुपये आणि पुढं दरवर्षी नूतनीकरणाचे २५०. इतक्या कमी पैशांत इतकं देणारी दुसरी योजना मला दिसली नाही, आणि ती अजून कित्येक घरांना माहीत नाही याचं वाईट वाटतं. तिच्या तक्त्यात दातांची वेगळी ओळ आहे, प्रतिबंधक दंतोपचार, मर्यादा २,५०० रुपये. सफाई, फ्लोराइडचा लेप, तपासणी यांना एवढे पुरतात. भूल देऊन करायचं काम मग कोणत्या ओळीत टाकायचं? काकांनी शस्त्रक्रियेच्या ओळीत टाकलं आहे. इथं कॅशलेस नाही. आधी आपण भरायचे, मग मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून ३० दिवसांत पाठवायची.

पुण्यातल्या एका पालक-सभेला मी गेले तेव्हा या सगळ्याची दुसरी बाजू दिसली. एका मुलीचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची मर्यादा नाही, त्यामुळं त्यांची ३४ वर्षांची मुलगी आजही त्यांच्या कार्डावर आहे. शेजारी बसलेल्या बाईंचे यजमान कारखान्यात, ईएसआय या कामगार विमा योजनेचे सभासद. तिथंही कमावत्यावर पूर्ण अवलंबून असलेलं अपंग मूल वयात आलं तरी सुटत नाही. तिसरे गृहस्थ रिक्षा चालवतात. त्यांच्या मुलाचं कुठंच नाव नाही. तिन्ही मुलं एकाच कर्मशाळेत एका बाकावर बसतात. कुणाच्या दाढेत सिमेंट भरणार आणि कुणाची उपटणार, हे बाप कुठं नोकरीला होता त्यावर ठरलेलं.

प्राप्तिकरात ८०डीडी कलमाखाली अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. तीही जुन्या करप्रणालीत. काकांना कर लागतच नाही, त्यामुळं वजावट कशातून करणार? आणि संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, जे दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झालं, ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या अटीमुळं दादाला नाही. करसवलत घेण्याइतकं उत्पन्न नाही आणि अनुदान मिळण्याइतकी गरिबी नाही, अशा मधल्या जागेत हे घर आहे.

शेवटी उपयोगी पडला तो धर्मादाय रुग्णालयांचा नियम. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या निधीत ठेवायची असते. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत दुर्बल. काकांचा दाखला २,१०,००० चा. पुण्यातल्या एका विश्वस्त रुग्णालयातल्या समाजसेविकेनं त्यांना तीन फेऱ्यांत सगळं समजावलं आणि खोली, थिएटर, तपासण्या सवलतीत बसवल्या. दंतवैद्य मात्र बाहेरून येणारे, त्यांचं बिल वेगळं. एकूण आकडा ७२,५०० वरून ५१,००० वर आला.

भिंतीवरचं अस्वल

सरकारी रुग्णालयात का गेला नाहीत, असं विचारणं सोपं आहे. गेले होते. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी मोजक्या शहरांत. साताऱ्याहून जवळचं मुंबई, तरी अडीचशे किलोमीटर. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण फिट येणाऱ्या माणसाला रात्रीच्या गाडीनं न्यायचं म्हणजे दोन माणसं बरोबर हवीत आणि काकांच्या रात्रपाळीला बदली हवा.

मी मुंबईतल्या अशा एका रुग्णालयात सकाळी साडेआठला जाऊन बसले. विशेष गरजा असलेल्या रुग्णांना, वय कितीही असो, बऱ्याचदा बालदंत विभागात पाठवतात, कारण आपल्याकडच्या पदव्युत्तर दंतशिक्षणाच्या नऊ शाखांमध्ये अशा प्रौढांसाठी वेगळी शाखाच नाही. लहान मुलांना सांभाळण्याचं कसब ज्यांच्याकडे, त्यांच्याकडेच ही मोठी मुलंही येतात. भिंतीवर दात घासणारं अस्वल रंगवलेलं होतं. त्याच्याखाली छोट्या लाल खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन एक दाढीवाला माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. त्याची म्हातारी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. समोरच्या बाकावरची पाच वर्षांची पोर त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि तो तिच्याकडे बघून हसत होता.

आतल्या निवासी डॉक्टर मनापासून काम करत होत्या, हे मला ठळकपणे नोंदवायचं आहे. एका मुलाचे दात त्यांनी जमिनीवर मांडी घालून तपासले, कारण तो खुर्चीत बसायला तयार नव्हता. अडचण थिएटरची आहे. विभागाला आठवड्यातला ठरावीक दिवस मिळतो, भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयातून येतात, आणि दाढ कुणाच्या जिवावर उठत नाही म्हणून तातडीचं काही आलं की यादीतली दाढच मागं सरते. दादाला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. त्या तारखेला पहाटे पोचले तेव्हा त्याला ताप होता. पुढची तारीख आणखी दोन महिन्यांनी. काकूंनी परतीच्या गाडीत ठरवलं, पैसे उभे करायचे.

आणखी एक कागद लागला. मूल अठराचं झालं की कायद्यानं ते स्वतःच्या सहीचं मालक होतं. आईची सही आपोआप चालत नाही. दादासारख्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकत्वाचा दाखला देते. काही रुग्णालयं तो मागतात, काही आईच्या सहीवर भागवतात. काकांकडे होता, कारण बँकेनं दादाच्या खात्यासाठी एकदा मागितला होता. ज्यांच्याकडे नाही त्यांना भूल देण्याच्या आदल्या दिवशी तो सुचतो.

अठरा हा आकडा मला या प्रवासात सारखा भेटत राहिला. शाळांमधून होणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी, ज्यात दातही बघतात, ती अठराव्या वर्षी थांबते. विशेष शाळेतलं वार्षिक शिबिर थांबतं. मूल बालरोगतज्ज्ञांच्या हातून सुटतं. मुलाची अवस्था मात्र त्या वाढदिवसाला बदलत नाही, आई फक्त म्हातारी होत जाते.

रात्रीची पाच मिनिटं

पैसे असे उभे राहिले: काकूंच्या भिशीचे २० हजार, बहिणीनं दिलेले १६ हजार, आणि दादाच्या नावावरची ठेव मोडून १५ हजार. ती ठेव 'आमच्या मागं' म्हणून ठेवलेली. हे दोन शब्द या घरांमध्ये फार वेळा ऐकू येतात आणि कुणी ते पूर्ण करत नाही.

काम झालं फेब्रुवारीत. तीन दाढा काढल्या, एका दाढेचं आणि एका दाताचं रूट कॅनॉल झालं, बाकी फिलिंग. शुद्धीवर आल्यावर दादानं पहिल्यांदा हात गालाकडे नेला. काकूंनी सवयीनं तो धरला. त्यानं मारलं नाही, नुसता गाल चाचपला.

साताऱ्याच्या दंतवैद्य बाई आता त्याला दर तीन महिन्यांनी नुसतं खुर्चीत बसायला बोलावतात. त्या मला म्हणाल्या, ५१ हजार परत लागू नयेत असं वाटत असेल तर पैसे आधी खर्चायला हवेत, आणि ते फार थोडे असतात. कीड कोवळी असतानाच तिच्यावर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला तर ती बहुतेकदा तिथंच थांबते. ड्रिल नको, सुई नको. लावलेली जागा काळी पडते, म्हणून आया नको म्हणतात. "मी त्यांना सांगते, काळा दात चावतो हो," त्या म्हणाल्या. सिरपऐवजी गोळी चालेल का, हिरड्या वाढवणारं औषध बदलता येईल का, हे मेंदूविकार तज्ज्ञांना विचारायला पैसे पडत नाहीत. ते विचारायचं असतं हेच कुणी सांगत नाही. स्पेशल ऑलिंपिक्सच्या आरोग्य कार्यक्रमात 'स्पेशल स्माइल्स' नावाची दाततपासणी असते, तशी तपासणी प्रत्येक कर्मशाळेत वर्षातून दोनदा व्हावी असं त्यांना वाटतं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चायची आहेच. एका फिरत्या भूलतज्ज्ञाचा महिन्यातला एक दिवस त्यातून का येऊ नये? हा प्रश्न माझा आहे, आणि मी तो जिथं जाईन तिथं विचारणार आहे.

दिवाळीच्या आधी पुन्हा गोडोलीला गेले. निरामयचं उत्तर अजून आलेलं नव्हतं. बिलांच्या झेरॉक्स पिशवीत होत्या. दादानं कर्मशाळेत रंगवलेल्या बारा पणत्या खिडकीत ओळीनं वाळत होत्या. रात्री जेवणं झाल्यावर काकूंनी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. दादा येऊन बसला. त्या त्याच्या मागं उभ्या राहिल्या आणि त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवलं. एका हातात जुन्या ब्रशच्या दांडीला गुंडाळलेलं फडकं, ते डाव्या दाढांमध्ये धरलं, म्हणजे तोंड मिटत नाही. दुसऱ्या हातात मऊ ब्रश. पेस्ट वाटाण्याएवढी. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर दातांचे जुने वण आहेत.

"म्हण," त्या म्हणाल्या.

तोंडात फडकं असल्यानं दादाचे आकडे घुमत होते. एक, दोन, तीन. सहापर्यंत नीट. सातनंतर तो एकदम दहावर गेला आणि उठायला लागला.

"आठ, नऊ राहिले," काकूंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "बस."

तो बसला. आठ, म्हणाला.